धूर कुणाच्या घरात?

सनीव्हेल, फ्रीमाँट किंवा सॅन होजेमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एकमजली घर विकत घेतलं, की किल्ल्यांबरोबर बहुधा फायरप्लेसही पदरात पडते. दिवाणखान्याच्या भिंतीत विटांचा काळवंडलेला कोनाडा, त्यात ओंडके ठेवायची लोखंडी जाळी, वर रुंद लाकडी फळी आणि छपरातून बाहेर गेलेलं विटांचं धुराडं. पहिलं वर्ष ती तशीच पडून राहते. फळीवर फोटो लागतात, गणपतीत तिथेच मखर सजतं. मग डिसेंबरात पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो, मुलं शाळेतून नाताळच्या गोष्टी ऐकून येतात आणि घरात विषय निघतो. पेटवायची का? आणि पेटवायची तर लाकडावर, की गॅसची करून घ्यायची?

बे एरियात मराठी वस्ती आता इतकी मुरली आहे की 2024 साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला भरलं. घर घेणं, छप्पर बदलणं, सोलर बसवणं यांवर तिथल्या मराठी मंडळींत जशी चर्चा होते तशीच या कोनाड्यावरही होते. दुकानात गेलं की हा प्रश्न सजावटीचा वाटतो: ज्वाळा कशी दिसेल, काच केवढी, दगड कुठला. प्रत्यक्षात त्यात हवा, कायदा, भूकंप, गॅसचं बिल आणि शेजारच्या घरातलं दम्याचं मूल, इतक्या गोष्टी येतात. त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी लाकडाचं बघू. लाकूड सरळ जळत नाही. ते तापलं की पहिल्यांदा त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. पुढे लाकडाचे घटक तुटून त्यातून वायू सुटतात आणि ते पेटतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही त्या वायूंची असते. सगळ्यात शेवटी उरलेला कोळसा निखारा होऊन धुमसत राहतो. यात कुठे उष्णता कमी पडली किंवा हवा कमी पडली, की ते वायू अर्धवट जळून धूर होतात. धूर म्हणजे वाया गेलेलं इंधन. म्हणून ओलं लाकूड दुहेरी नुकसान करतं. ताज्या तोडलेल्या ओंडक्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता लागते. ती उष्णता खोलीत यायच्या ऐवजी वाफेबरोबर धुराड्यातून जाते. शिवाय आच मंदावल्यामुळे धूर वाढतो तो वेगळाच.

सुकं लाकूड ओळखायची रीत जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर सुके टणकन वाजतात, ओले नुसते थप्प करतात. सुक्याच्या टोकाला मधोमधून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात, साल नखाने सुटते. खात्री हवी असेल तर ओलावामापक घ्यावा. पण तो ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला लावून उपयोग नाही, कारण बाहेरचं अंग नेहमीच सुकलेलं असतं. ओंडका कुऱ्हाडीने फोडायचा, आतली ताजी फाक वर करायची, त्यात मापकाचे दोन खिळे रोवायचे आणि आकडा 20 टक्क्यांच्या खाली आला तरच तो ओंडका आत न्यायचा. ओकसारखं घट्ट लाकूड या आकड्यापर्यंत यायला वर्ष-दोन वर्षंही घेतं. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातल्या बदामाच्या बागा जुन्या झाल्या की तोडतात. ते बदामाचं लाकूड जळणासाठी उत्तम मानलं जातं. विक्री ‘कॉर्ड’च्या मापाने होते. एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली रास. एवढी रास कोरड्या जागी, जमिनीपासून वर आणि घराच्या भिंतीपासून दूर रचायला ज्याच्याकडे जागा नाही, त्याने लाकडाचा विचार तिथेच थांबवावा.

एवढं करून सुकं लाकूड उघड्या फायरप्लेसमध्ये पेटवलं, तरी खोलीत येणारी उष्णता फारच थोडी असते, जळणातल्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आसपास. समोर बसलं की चेहरा तापतो आणि घर गरम झाल्याचा भास होतो. पण धुराडं वर ओढतं ते काही फक्त धुराला नव्हे. खोलीतली तापलेली हवा सतत त्याच्या पोटात जाते, तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा येते आणि मागच्या झोपायच्या खोल्या थंड पडतात. रात्री निखारे उरलेले असताना धुराड्याची झडप बंद करता येत नाही, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरेल. म्हणजे सगळे झोपल्यावरही घरातली ऊब छपराबाहेर जात राहते.

हे दुखणं जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1740च्या दशकात लोखंडी शेगडीसारखी फायरप्लेस तयार केली ती याच कारणाने, आणि तिचं पेटंट देऊ केलं असताना त्याने ते नाकारलं. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1796 मध्ये, अमेरिकेत जन्मलेल्या काउंट रमफर्डने फायरप्लेसवर एक निबंध छापला. कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत परतेल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणजे धूर नीट वर जाईल, असं त्यात होतं. लंडनमध्ये त्याप्रमाणे फायरप्लेस बदलून घ्यायची लाटच आली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्येसुद्धा रमफर्डचं नाव येतं. अमेरिकेतल्या साठ सालच्या घरांत मात्र खोल, रुंद कोनाडेच बांधले गेले. तोवर घर गरम करायचं काम गॅसच्या भट्टीकडे गेलेलं होतं आणि फायरप्लेस शोभेपुरती उरली होती.

इंग्लंडचा अनुभव या प्रश्नात फार बोलका आहे, कारण तिथे चुलाण्यावर सरकारची नजर साडेतीनशे वर्षांपासून आहे. 1662 ते 1689 या काळात तिथे प्रत्येक चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. धुराची तक्रार त्याच्याही आधीची. जॉन एव्हलिनने 1661 मध्येच लंडनच्या धुरावर पुस्तिका लिहून ती राजाला अर्पण केली होती. ऐकायला मात्र तीन शतकं लागली. 1952च्या डिसेंबरात, 5 ते 9 तारखांना, लंडनवर थंड, निश्चल हवेचं झाकण बसलं आणि लाखो घरांतल्या कोळशाचा, कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर त्याखाली कोंडला. सुरुवातीला मृतांचा आकडा 4,000च्या घरात धरला गेला. पुढच्या अभ्यासांनी तो 12,000पर्यंत नेला. 1956च्या कायद्याने शहराशहरांत धूरबंदीची क्षेत्रं आखली गेली. 1967 ते 1977 या दहा वर्षांत उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घरोघरी पोचला आणि कोळशाच्या जागी गॅस बसला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण गेल्या दोन-तीन दशकांत लाकडाची लोखंडी शेगडी इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांत परत आली, या वेळी गरजेपोटी नव्हे, हौसेपोटी. तिथल्या सरकारी आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत देशातल्या अतिसूक्ष्म कणांपैकी मोठा हिस्सा घरगुती लाकूड जाळण्यातून येतो. मे 2021 पासून इंग्लंडमध्ये थोडक्या प्रमाणात विकलं जाणारं ओलं लाकूड बंद झालं. पिशवीतून विकायचं लाकूड 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचंच हवं. जी हवा साफ करायला एका पिढीने इतके जीव मोजले, ती पुढच्या पिढीने दिवाणखान्याच्या शोभेसाठी पुन्हा खराब करावी, हे मनाला पटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांची हवा 1955 पासून एक स्वतंत्र प्रादेशिक संस्था सांभाळते. तिच्या हद्दीत फायरप्लेस आणि लाकडाच्या शेगड्या मिळून सुमारे 14 लाख आहेत, असा या संस्थेचा अंदाज आहे. हिवाळ्यात, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा तिला दाबून धरते. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत हा प्रकार जास्त. नेमक्या अशाच थंड रात्री लोकांना फायरप्लेस आठवते. म्हणून 2008 साली नियम झाला: ज्या दिवशी संस्था ‘स्पेअर द एअर’चा इशारा देईल त्या दिवशी लाकूड जाळायचं नाही, घरात नाही आणि अंगणातही नाही. दुकानात मिळणारे मेण आणि भुशाचे तयार ओंडकेही चालत नाहीत. पहिल्यांदा पकडल्यास धुराविषयीचा छोटा अभ्यासक्रम पुरा करायचा किंवा 100 डॉलर दंड भरायचा. दुसऱ्या खेपेला 500 डॉलर. 1 नोव्हेंबर 2016 पासून नव्या बांधकामात लाकडाची कोणतीही फायरप्लेस बसवता येत नाही. घर विकताना किंवा भाड्याने देताना लाकडाच्या धुराच्या धोक्याची माहिती लेखी द्यावी लागते.

पूर्वी हा इशारा हिवाळ्यापुरताच बंधनकारक होता. मग 8 नोव्हेंबर 2018ला उत्तरेत पॅरडाइज गाव वणव्यात जळालं. 85 माणसं गेली, आणि त्या वणव्याचा धूर दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या बे एरियात दोन आठवडे भरून राहिला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, दुकानांतले मास्क संपले. लाकडाचा धूर छातीत गेल्यावर काय होतं हे तेव्हा सगळ्यांनी एकदम अनुभवलं. पुढच्या वर्षीपासून इशाऱ्याचा नियम बारमाही झाला.

या धुरातले धोक्याचे कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात, तिथून रक्तात मिसळतात. दारं-खिडक्या लावून ते थांबत नाहीत. बाहेर पडलेला धूर आपल्याच नव्हे, तर गल्लीतल्या सगळ्या घरांत फटींतून शिरतो. सनीव्हेलमधल्या दोन घरांच्या धुराड्यांत वीस-पंचवीस फुटांचंही अंतर नसतं.

चुलीच्या धुराचं हे शास्त्र ज्यांनी मांडलं, त्यांतलं एक मोठं नाव बे एरियातलंच. पुढे बर्कली विद्यापीठात प्राध्यापक झालेले कर्क स्मिथ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापकं लावून त्या किती धूर गिळतात ते मोजलं. आकडे इतके मोठे निघाले की घरातला धूर हा जागतिक आरोग्याचा विषय झाला. स्मिथ 2020 मध्ये गेले. सिलिंडर गरिबाच्या घरी पोचला पाहिजे हे त्यांनी सातत्याने सांगितलं. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. तीच माणसं कॅलिफोर्नियात आल्यावर लाकडाच्या धुराला ‘वातावरण’ म्हणतात, तेव्हा त्यांना त्या आजीची आठवण जरूर करून द्यावी.

मग गॅस घ्यावा, हे उत्तर सोपं वाटतं. पण ‘गॅसची फायरप्लेस’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बहुतेक फसगत इथेच होते.

पहिली वस्तू स्वस्त. जुन्या विटांच्या कोनाड्यात गॅसची नळी आणायची, तिच्यावर चिनीमातीचे खोटे ओंडके रचायचे. ज्वाळा पिवळी, डुलणारी, लाकडासारखी दिसते. पण कोनाडा तोच, धुराडंही तेच. ज्वाळेतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बाहेर जावा म्हणून धुराड्याच्या झडपेला एक क्लिप लावतात, जेणेकरून ती कधीच पूर्ण मिटणार नाही. म्हणजे आग पेटलेली असो वा नसो, वर्षभर घरातली हवा छपरातून जात राहते. उन्हाळ्यात एसीची गार हवासुद्धा. धूर थांबतो, हे खरं. घर मात्र गरम होत नाही आणि बिल येतं ते येतंच.

दुसरी वस्तू म्हणजे बंद काचेची पेटी. ही जुन्या कोनाड्यात आत सरकवून बसवतात आणि जुन्या धुराड्यातून दोन लवचीक नळ्या वर सोडतात. एका नळीतून बाहेरची हवा ज्वाळेला मिळते, दुसरीतून जळलेले वायू बाहेर जातात. खोलीतल्या हवेचा आणि ज्वाळेचा संबंधच उरत नाही. काच तापते आणि ऊब बाहेर फेकते. अशा पेटीची कार्यक्षमता साधारण 60 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान असते. तासाला 30,000 बीटीयूची पेटी 70 टक्क्यांनी चालली तर खोलीत सुमारे 6 किलोवॉट उष्णता येते. मोठा दिवाणखाना तापवायला एवढं भरपूर झालं. त्यासाठी तासाला तीन दशांश थर्म (गॅसच्या बिलातलं माप) गॅस लागतो. थर्मचा दर अडीच डॉलर धरला तर तासाचे पाऊण डॉलर. बसवायला काही हजार डॉलर लागतात, पण वापरायची असेल तर हीच घ्यावी. धुराड्याशिवाय चालणारी गॅसची हीटरं अमेरिकेच्या अनेक राज्यांत मिळतात. जळलेले वायू ती खोलीतच सोडतात. कॅलिफोर्नियात घरात ती लावायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे.

पेटी घेताना दोन गोष्टी वाकून, हात लावून बघाव्यात. पहिली, खालचा पत्रा उघडल्यावर दिसणारी छोटी निळी ज्योत. जुन्या पेट्यांत ही ज्योत बारा महिने तेवत असते. ती तासाला 800 बीटीयू खाते असं धरलं, तर वर्षाला 70 थर्म होतात. वरच्याच दराने 175 डॉलर, एकदाही शेकोटी न पेटवता. नव्या पेट्यांत ठिणगीने पेटणारी सोय असते आणि तिच्यात बॅटरी असली तर वीज गेल्यावरही ती चालते. दुसरी गोष्ट काच. तिचं तापमान 200 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं आणि आग विझवल्यावरही ती बराच वेळ तशीच राहते. रांगणारं मूल दोन्ही तळवे काचेवर टेकवतं आणि क्षणात भाजतं. अशा दुर्घटना वाढल्यावर 2015 पासून अमेरिकेत नव्या पेट्यांबरोबर काचेपुढे बसणारी जाळी देणं सुरक्षा मानकाने सक्तीचं झालं. जुन्या घरातल्या जुन्या पेटीला ती नसते. घरात लहान मूल असेल तर पेटवण्याआधी ती विकत आणून बसवावी.

गॅसच्याही पोटात धोके आहेत, ते लपवून चालणार नाही. 9 सप्टेंबर 2010च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्को विमानतळाजवळच्या सॅन ब्रुनोमध्ये रस्त्याखालची तीस इंची गॅसवाहिनी फुटली. आठ माणसं मेली आणि 38 घरं खाक झाली. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. न जळता गळला तर तो पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस. त्यामुळे बर्कली शहराने जुलै 2019 मध्ये नव्या इमारतींत गॅसची जोडणीच बंद केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. एप्रिल 2023 मध्ये अपील न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. त्याच्या आदल्याच महिन्यात हवा सांभाळणाऱ्या संस्थेने गॅसवरचे पाणी तापवायचे बंब आणि घर तापवायच्या भट्ट्या टप्प्याटप्प्याने हटवायचा नियम केला. गॅसची फायरप्लेस त्या नियमात नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते कळतं.

बर्कलीत बंदी आली त्याच 2019च्या सप्टेंबरात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी गॅसजोडणी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. या दोन घटना एकमेकींना खोटं पाडत नाहीत. मराठवाड्यातल्या बाईच्या चुलीत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतात आणि धूर तिच्या फुफ्फुसात जातो. तिच्यासाठी गॅस ही सुटका आहे. बर्कलीत घर तापवायला विजेवरचा हीट पंप मिळतो, अन्न शिजवायला इंडक्शन मिळतं. तिथे गॅसच्याही पुढे जाता येतं. प्रत्येक ठिकाणी एक पायरी वर चढायची आहे. उघड्या लाकडाकडे परत जाणं ही मात्र दोन्ही ठिकाणी पायरी उतरणंच आहे.

आता धुराड्याचं. कॅलिफोर्नियात विटांचं धुराडं हे घराचं सर्वांत कच्चं अंग. लोमा प्रिएटाचा 6.9 तीव्रतेचा भूकंप 17 ऑक्टोबर 1989ला झाला, तेव्हा सांताक्रूझ, वॉट्सनव्हिल, लॉस गॅटोस भागात घरोघरची धुराडी कोसळली. नापामध्ये 24 ऑगस्ट 2014च्या पहाटे 6.0चा धक्का बसला तेव्हा फायरप्लेसजवळ झोपलेल्या 13 वर्षांच्या मुलावर विटा पडून तो गंभीर जखमी झाला. लोखंडी सळ्या न घातलेलं जुनं धुराडं छताच्या वर हलत्या खांबासारखं उभं असतं. लाकूड ठेवायचं ठरवलं तर ते धुराडं मजबूत करावं लागेल किंवा पाडून धातूची नळी बसवावी लागेल. गॅसची बंद पेटी असेल तर तिच्या नळ्या काही घरांत भिंतीतूनच बाहेर काढता येतात आणि धुराडं छपरापर्यंत उतरवून टाकता येतं. ज्यांच्या घरात धुराड्याला लागून झोपायची खोली आहे, त्यांनी शेकोटीचा निर्णय होवो न होवो, पलंग तिथून आजच हलवावा.

लाकडाची बाजू कुठे खरी आहे? जिथे त्यावर घर चालतं आणि शेजार लांब आहे तिथे. सांताक्रूझच्या डोंगरांतल्या अनेक घरांना गॅसची वाहिनी नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने लाखो ग्राहकांची वीज तोडली, तेव्हा डोंगरात राहणाऱ्यांना अंगणातलं लाकूडच उपयोगी पडलं. हवेच्या नियमातही वीज गेलेली असताना सूट आहे. लाकडाशिवाय घर तापवायचं दुसरं साधनच नसेल तर त्यांनाही सूट मिळते, पण प्रमाणित शेगडी बसवून तिची नोंदणी केल्यावरच. तिथेही उघडी फायरप्लेस नको. बंद लोखंडी शेगडी हवी. पूर्वीच्या शेगड्या तासाला 15 ते 30 ग्रॅम धूर सोडत; 2020 पासून नव्या शेगड्यांवर, त्यांची चाचणी खऱ्याखुऱ्या ओंडक्यांवर केलेली नसेल तर, तासाला 2 ग्रॅमची मर्यादा आहे. प्रयोगशाळेतल्या त्या चाचण्यांत खोट असल्याचं ईशान्येकडच्या राज्यांच्या हवा-संस्थेने अलास्काबरोबर 2021 मध्ये दाखवून दिलं आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा मानू नये.

तरीही फरक पडतो. मोंटानातलं लिबी हे दरीत वसलेलं छोटं गाव. 2005 ते 2007 या काळात तिथल्या सुमारे 1,100 जुन्या शेगड्या बदलून नव्या बसवल्या. हिवाळ्यातले सूक्ष्म कण चौथ्या हिश्शाहून जास्त घटले आणि मुलांमध्ये छातीत घरघर होण्याच्या तक्रारी कमी झाल्या. अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये पारा शून्याखाली चाळीसपर्यंत जातो, तेल महाग आहे, गॅसची वाहिनी सगळीकडे पोचलेली नाही. तिथल्या माणसाला लाकूड सोड असं सनीव्हेलमध्ये बसून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्या शहराची हिवाळी हवा देशातल्या सर्वांत वाईट हवांपैकी आहे आणि तरीही तिथल्या लोकांना आधी जगायचं आहे. सनीव्हेलच्या घरात मात्र भट्टी आहे, वीज आहे, दोन हाकांच्या अंतरावर शेजार आहे. तिथे लाकूड जाळायला कुठलंही गरजेचं कारण उरत नाही.

ज्यांना नुसती ज्वाळा बघायची आहे, त्यांच्यासाठी विजेची फायरप्लेसही मिळते. तिच्यातली ज्वाळा दिव्यांची, ऊब हीटरची. धूर नाही, नळी नाही, भाजायची भीती फार कमी. अनेकांना ती खोटी वाटते, पण मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात तिचा विचार पहिल्यांदा करायला हवा.

बंद गॅसपेटीचंच ठरलं, तर दुकानाच्या आधी धुराडी साफ करणाऱ्याला बोलवावं. अग्निसुरक्षेच्या अमेरिकी मानकाप्रमाणे धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, आणि घर हातबदल होताना त्याहून कसोशीची, धुराड्यात कॅमेरा सोडून. लाकूड जाळलेल्या धुराड्याच्या आतल्या भिंतीवर डांबरासारखा काळा थर चिकटलेला असतो; तो पेटला की आग छपरापर्यंत जाते. आतली मातीची नळी तडकलेली असेल तर तेही कॅमेऱ्यात दिसतं. तो अहवाल हातात आल्यावरच पेटीच्या नळ्या त्या धुराड्यातून न्यायच्या की भिंतीतून, हे ठरतं. काम संपल्यावर गॅसचे जोड साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावेत आणि झोपायच्या खोल्यांबाहेरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते बटण दाबून बघावं. कॅलिफोर्नियात एकेका कुटुंबाच्या घरांना तो 1 जुलै 2011 पासून बंधनकारक आहे. जुन्या घरात तो भिंतीवर असतो, पण त्यातली बॅटरी संपलेली असू शकते.